पेला, कान आणि तळघर : जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘द मून अंडर वॉटर’ या निबंधाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

जॉर्ज ऑर्वेल हे नाव मराठी वाचकाला आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याला प्रामुख्याने ‘अ‍ॅनिमल फार्म’ (१९४५) आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या दोन कृतींमुळे परिचित आहे. या दोन कृतींच्या मधल्या काळात, दुसरे महायुद्ध नुकतेच संपले असताना, ऑर्वेल यांनी लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या सायंदैनिकात काही छोटे निबंध लिहिले. १५ डिसेंबर १९४५ रोजी इंग्रजी स्वयंपाकाची बाजू घेणारा निबंध आला, १२ जानेवारी १९४६ रोजी चहा कसा करावा यावरील आला आणि ९ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘द मून अंडर वॉटर’ हा निबंध प्रसिद्ध झाला. चांगल्या पबमध्ये बिअर कशी, कशात, कोणाच्या हातून आणि कोणत्या वातावरणात मिळावी हा त्याचा विषय. या निबंधांकडे ऑर्वेल यांच्या गंभीर लेखनामधला विरंगुळा म्हणून पाहण्याची रूढी आहे. ती फारशी तपासली गेलेली नाही.

मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी साहित्यविचारात पेला म्हणजे अधःपाताची पहिली पायरी हे समीकरण दृढ झाले. तळीराम सुधाकराच्या हाती जो पेला देतो तो कशाचा आहे, कसा भरला आहे, हे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत, आणि ते योग्यही आहे. मात्र त्यामुळे मद्यपानाच्या रीतीविषयी लिहिलेला मजकूर एकतर उथळ असणार किंवा निषेधार्ह असणार अशी धारणा आपल्याकडे राहून गेली. ऑर्वेल यांचा निबंध या दोन्ही चौकटींत बसत नाही. पेला देणारा आणि घेणारा यांच्यातील संबंध हा त्याचा खरा विषय आहे. हा संबंध निबंधात कसा उभा राहतो, तेथे ऑर्वेल यांच्या नजरेतून काय निसटते आणि तीन वर्षांनी आलेल्या कादंबरीत तोच संबंध कोणते रूप घेतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चहाचे नियम आणि बिअरचे वर्णन

चहावरील निबंधात ऑर्वेल अकरा नियम सांगतात. भांडे आधी गरम करावे, चहाचे भांडे किटलीकडे न्यावे, पेल्यात आधी चहा ओतावा आणि मग दूध घालावे, असे ते आज्ञार्थी बोलतात. ‘द मून अंडर वॉटर’मध्ये मात्र एकही नियम नाही. तेथे केवळ एका पबचे वर्णन आहे. हा फरक केवळ शैलीचा नाही. चहा माणूस स्वतःच्या घरी स्वतःसाठी करू शकतो, म्हणून त्याला नियम सांगता येतात. पिंपातली बिअर मात्र दुसऱ्याच्या हातूनच घ्यावी लागते. जे दुसऱ्याने द्यायचे त्याचे नियम घेणारा सांगू शकत नाही; त्याला फक्त वर्णन करता येते किंवा इच्छा व्यक्त करता येते. बिअरवरच्या निबंधाला कल्पनाचित्राचे रूप का मिळाले, याचे उत्तर येथे सापडते.

निबंधाची मांडणी सर्वश्रुत आहे. लेखक आपल्या आवडत्या पबचे वर्णन करू लागतो. तो बसथांब्यापासून दोन मिनिटांच्या अंतरावर, पण आडरस्त्यावर आहे. तेथे बहुतेक नेहमीचेच लोक येतात आणि रोज आपापल्या ठरलेल्या खुर्चीवर बसतात. ते बिअरइतकेच गप्पांसाठी येतात. एखादा पब का आवडतो असे विचारले तर बिअरचे नाव प्रथम घेणे स्वाभाविक ठरेल हे मान्य करून लेखक वातावरणाला अग्रक्रम देतो. वास्तू अस्सल व्हिक्टोरियन आहे. नकली तुळया नाहीत, ओकचा आव आणणारे प्लास्टिकचे तक्ते नाहीत. बिडाच्या शेगड्या, नक्षीदार आरसे, तंबाखूच्या धुराने गडद पिवळे झालेले छत आणि शेगडीवरच्या फळीच्या वर पेंढा भरलेले बैलाचे डोके आहे. एकोणिसाव्या शतकातील कुरूपतेतच एक आराम असतो असे लेखकाचे म्हणणे आहे. रेडिओ नाही, पियानो नाही. तंबाखू, अ‍ॅस्पिरिन आणि टपालतिकिटे मिळतात, दूरध्वनी वापरू देतात. फराळाच्या फळीवर लिव्हर-सॉसेजचे सँडविच, शिंपले, चीज, लोणची आणि शहाजिरे घातलेली मोठी बिस्किटे आहेत.

एवढे सारे सांगून झाल्यावर लेखक कबूल करतो की असा पब अस्तित्वात नाही. त्याला अपेक्षित असलेल्या दहा गुणांपैकी आठ गुण असणारा एक पब त्याच्या माहितीत आहे, पण तेथे पिंपातला स्टाउट नाही आणि चिनी मातीचे मगही नाहीत.

हे दोन उणे गुण नेमके लक्षात ठेवले पाहिजेत. शेगडी मिळाली, बाग मिळाली, शांतता मिळाली, मायाळू स्त्रियाही मिळाल्या. जे मिळाले नाही ते एक पेय आणि एक भांडे. म्हणजे सर्व वातावरणाची चर्चा करून झाल्यावर उणीव शिल्लक राहते ती बिअर देण्याच्या रीतीत. वातावरणाला अग्रक्रम देण्याचा लेखकाचा दावा त्याच्याच हिशेबाने मोडतो.

भांड्याचा प्रश्न

‘मून अंडर वॉटर’मध्ये भांड्यांबाबत फार काटेकोरपणा आहे. बिनकानाच्या काचेच्या पेल्यात तेथे पाइंटभर बिअर कधीही दिली जात नाही. काचेचे आणि प्यूटर या कथिलमिश्रित धातूचे मग आहेतच, शिवाय स्ट्रॉबेरीसारख्या गुलाबी रंगाचे चिनी मातीचे मगही आहेत. हे मग तीस वर्षांपूर्वीच नाहीसे झाले, कारण बहुतेकांना आपले पेय पारदर्शक भांड्यातून दिसावे असे वाटते. पण बिअर चिनी मातीतच अधिक चांगली लागते, असे ऑर्वेल यांचे मत आहे.

या मतात तथ्य किती हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये. कानाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. इंग्लंडमधील पारंपरिक एल ही बिअर तळघराच्या तापमानाला, म्हणजे साधारणतः ११ ते १३ अंश सेल्सिअसला दिली जाते. आपल्याकडे ६५० मिलीलिटरची बाटली बर्फाइतकी गार करून दोन-तीन पेल्यांत वाटून घेण्याची सवय असल्याने इंग्रज लोक कोमट बिअर पितात असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. अतिथंड पेयाची चव जिभेला पुरती कळत नाही आणि त्यातला वायूही नीट मोकळा होत नाही. उलट तापमान वाढले की बिअर मरगळते. गप्पा मारीत सावकाश प्यायच्या पाइंटभर बिअरला तळहाताची ऊब लागू नये यासाठी कान हवा. ऑर्वेल यांचे गिऱ्हाईक गप्पांसाठी येते, म्हणजे ते वेळ लावणार. ज्याला वेळ लावायचा आहे त्याला कान असलेला मग द्यावा लागतो. गप्पा आणि कान या दोन तपशिलांचा असा परस्परसंबंध आहे, जरी निबंधात तो कोठेही सांगितलेला नाही.

अपारदर्शकतेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हॉपच्या फुलांमुळे बिअरला कडवटपणा येतो, आणि त्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की एक गंधकयुक्त संयुग तयार होऊन बिअरला दुर्गंधी येते. उन्हात ही क्रिया काही मिनिटांतही घडू शकते. तपकिरी बाटलीचे प्रयोजन हेच. ऑर्वेल यांच्या पबला बाग आहे, उन्हाळ्याच्या संध्याकाळी तेथे प्लेन वृक्षांखाली कुटुंबे बसतात. अशा ठिकाणी मातीच्या मगाचा खरोखर उपयोग आहे. तथापि अंधाऱ्या बारमध्ये या कारणाला फारसे महत्त्व राहत नाही, आणि ऑर्वेल यांनी ते दिलेलेही नाही. त्यांनी केवळ चवीची साक्ष काढली आहे.

काच लोकप्रिय होण्यामागे फॅशनपेक्षा अधिक काही होते. ब्रिटनमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ साली रद्द झाला आणि काचेचे पेले सामान्यांच्या आवाक्यात आले. फिकट, नितळ बिअरचा प्रसारही याच शतकातला. पिंपातल्या बिअरमध्ये यीस्टचा गाळ असतो. पिंप हलवले किंवा पुरेसे निवळू दिले नाही तर बिअर गढूळ येते. काचेच्या पेल्यात हे गिऱ्हाइकाला तत्काळ दिसते. माप भरले आहे की नाही हेही दिसते. फेस माल्टमधील प्रथिने आणि हॉपमधील कडू द्रव्ये यांच्या संयोगाने टिकतो. पेल्याला तेलकटपणा किंवा साबण राहिला असेल तर तो तत्काळ विरतो, आणि पेला किती स्वच्छ धुतला होता हे काचेवरच्या फेसाच्या कड्यांवरून कळते. काच ही अशा प्रकारे घेणाऱ्याच्या हातातली तपासणीची साधनसामग्री होती. विक्रेत्याच्या मापात खोट असू शकते हा अनुभव असलेल्या समाजाने पारदर्शकतेची मागणी करावी यात नवल नाही.

येथे ऑर्वेल यांची बाजू दुबळी पडते. मातीच्या मगाची निवड करणारा माणूस प्रत्यक्षात असे सांगत असतो की मला तपासण्याची गरज नाही. ही निवड फक्त त्यालाच परवडते ज्याचे नाव देणाऱ्याला ठाऊक आहे. अनोळखी, थकलेला, मोजक्या पैशांत एकच पाइंट घेऊ शकणारा मजूर आपले माप डोळ्यांनी पाहू इच्छितो, आणि त्याची ही इच्छा रुचिहीनता नव्हे. निबंधात ‘बहुतेकांना’ या एका शब्दात ऑर्वेल यांनी या माणसाला बाजूला सारले आहे. सामान्य माणसाच्या शहाणपणावर ज्यांची एवढी भिस्त, त्या लेखकाकडून हे घडावे हे खटकते.

आणि तरीही मातीच्या मगाची ही ओढ निव्वळ जुन्याची हौस म्हणून निकालात काढता येत नाही. जेथे तपासण्याची गरज पडू नये असे देणे-घेणे कोठेतरी शक्य असावे, ही ती इच्छा आहे. सहा वर्षांच्या युद्धानंतर, शिधापत्रिकेवर मोजून मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या काळात ती व्यक्त झाली आहे. बिअर शिधावाटपात नव्हती. पण युद्धकाळात ती महाग आणि पातळ झाली होती.

देणाऱ्या स्त्रिया आणि न दिसणारे तळघर

पबमधील बारमेड आपल्या बहुतेक गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात, प्रत्येकाची आपुलकीने चौकशी करतात. त्या सर्व मध्यमवयीन आहेत, दोघींनी केसांना अचंबित करणारे रंग लावले आहेत, आणि त्या वय किंवा लिंग न पाहता सर्वांना ‘डिअर’ म्हणतात. ‘डकी’ म्हणणाऱ्या बारमेडच्या पबचे वातावरण मात्र ऑर्वेल यांना जरा उठवळ वाटते. संबोधनातील हा सूक्ष्म भेद मराठी वाचकाला सहज कळावा. ‘काय हवं, दादा?’ आणि ‘काय हवं, राजा?’ यांत जे अंतर आहे तेच हे. गिऱ्हाइकाची थोरवी किंवा खिसा न पाहता सर्वांना एकच संबोधन लावणे ही ऑर्वेल यांना अभिप्रेत असलेली समता आहे. येथे ती विचारसरणीतून येत नाही, सवयीतून येते. निबंधातील हा सर्वांत जिवंत भाग आहे.

परंतु या स्त्रियांना गिऱ्हाइकांची नावे ठाऊक असली तरी निबंधात त्यांच्यापैकी एकीचेही नाव नाही. कल्पनेतल्या पबला नाव देता येते तर कल्पनेतल्या बारमेडलाही देता आले असते. त्या किती तास उभ्या असतात, त्यांना काय मिळते, बार बंद झाल्यावर ते गुलाबी मग कोण विसळते, याचा उल्लेख नाही. माया ही जणू त्यांची प्रकृती आहे, काम नव्हे.

हीच गोष्ट तळघराची. पिंपातली बिअर देणे म्हणजे केवळ दांडा ओढणे नव्हे. पिंपात अजून किण्वन चालू असते. ते पिंप तळघरात विशिष्ट कलाने ठेवावे लागते, वरच्या भोकातील खुंटीने वायू बेताने सोडावा लागतो, बिअर निवळेपर्यंत ते हलू द्यायचे नसते, आणि एकदा तोंड उघडले की थोड्याच दिवसांत ते संपवावे लागते. नळ्या नियमितपणे धुवाव्या लागतात. त्यात हयगय झाली तर उत्तम बिअरही आंबते. तळघरातून बिअर वर खेचणाऱ्या हातपंपाचा संबंध जोसेफ ब्रामा यांच्या १७९७ मधील पेटंटशी जोडला जातो. या पंपात वायूचा दाब नसतो, देणाऱ्याच्या दंडाची ताकद असते. एका पाइंटला काही लांब, सलग ओढी लागतात. झटके दिले तर फेसच फेस होतो. बिअर नीट मिळाली की नाही हे बव्हंशी बारच्या फळीखाली, पायऱ्यांच्या तळाशी आधीच ठरलेले असते.

ऑर्वेल यांच्या निबंधात तळघर नाही.

दुसऱ्या कोणा लेखकाच्या बाबतीत याला उणीव म्हणण्याचे कारण नव्हते. परंतु ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ (१९३३) मध्ये याच लेखकाने पॅरिसच्या हॉटेलातील तळघरात भांडी घासत काढलेले दिवस वर्णिले आहेत. भोजनगृह आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारातून जाताना वेटरची मुद्रा कशी पालटते, आणि पांढऱ्याशुभ्र मेजापासून काही पावलांवर कशी घाण असते, हे त्याने दाखविले आहे. ‘द रोड टू विगन पिअर’ (१९३७) मध्ये तोच कोळशाच्या खाणीत उतरला आणि वरचे सारे जग खालच्या श्रमावर उभे असल्याचे त्याने वाचकाला बजावले. ‘मून अंडर वॉटर’मधल्या शेगडीत कोळसा धगधगतो आहे, तो कोठून आला हे ज्या लेखकाने एकदा शिकविले तोच येथे ते विसरतो. गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसल्यावर पायाखालचे दिसत नाही, हे ऑर्वेल यांनाही चुकले नाही असे म्हणावे लागते.

दालनांचा प्रश्न याच्याशी जोडून पाहावा लागेल. पबमध्ये पब्लिक बार, सलून बार, स्त्रियांचा बार अशी वेगवेगळी दालने आहेत, आणि रात्रीच्या जेवणासोबतची बिअर चारचौघांत विकत घ्यायला लाजणाऱ्यांसाठी बाटली-जग भरून देण्याची वेगळी खिडकी आहे. ही विभागणी वर्गभेदावर आधारलेली होती, सलूनमध्ये त्याच बिअरला थोडे अधिक मोजावे लागत असे. ऑर्वेल ती सोय म्हणून नोंदवतात. जो लेखक सर्वांना एकच संबोधन लावणाऱ्या बारमेडचे कौतुक करतो तोच भिंतींविषयी मौन बाळगतो. मुलांच्या बाबतीत मात्र ते मौन बाळगत नाहीत. १९०८ च्या बालक कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना बारमध्ये मज्जाव केला. परिणामी आया घरी अडकल्या आणि पब हे कुटुंबाने जमण्याचे ठिकाण न राहता निव्वळ पिण्याचे दुकान झाले, असा त्यांचा आक्षेप आहे. हा कायदा मोडलेला बरा असेही ते सूचित करतात. तो आक्षेप विचारार्ह आहे. पब हे पुरुषाचे स्थान कसे झाले याचे एक कारण त्यात सापडते, आणि निबंधातील एरवीच्या पुरुषी दृष्टीला तो काहीसा छेद देतो.

रेडिओ नसलेली खोली

१९४३ मध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेचा ‘द पब अँड द पीपल’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या उत्तरेकडील बोल्टन या गिरणी-शहरातील पबचे ते प्रत्यक्ष निरीक्षण होते. ऑर्वेल यांनी त्याच वर्षी ‘द लिसनर’मध्ये त्याचे परीक्षण केले. गप्पा, गाणी आणि सामाजिक विधी असलेल्या पबची जागा चित्रपट आणि रेडिओ यांची निष्क्रिय, नशेसारखी सुखे घेत आहेत, अशी खंत त्यांनी तेथे व्यक्त केली आहे. मद्यापेक्षा रेडिओला नशा म्हणणे ही त्या परीक्षणातील लक्षणीय उलटापालट होय.

हे लिहिले तेव्हा ऑर्वेल स्वतः रेडिओसाठीच काम करीत होते. १९४१ ते १९४३ या काळात ते बीबीसीच्या पौर्वात्य सेवेत होते आणि हिंदुस्थानसाठीच्या वार्तापत्रांचा मजकूर लिहीत. मराठी वार्तापत्रांशी कोल्हापूरच्या वेणू चितळे यांचा संबंध होता. त्या ऑर्वेल यांच्या सहकारी होत्या आणि युद्धकाळातील पाकविषयक प्रसारणांतही त्यांनी भाग घेतला होता. मराठी भाषा ऑर्वेल यांच्या दैनंदिन कामकाजाच्या इतकी जवळ होती, ही नोंद आपल्याकडील अभ्यासात क्वचितच येते. १९४६ च्या निबंधातील ‘रेडिओ नाही’ ही अट, ज्याने रेडिओचे काम आतून पाहिले त्याची आहे. तीन वर्षांनी आलेल्या कादंबरीत पक्षसदस्यांच्या घराघरांत जो बंद करता येत नाही असा टेलिस्क्रीन बसला, त्याची चाहूल येथे लागते.

कादंबरीतील मग

‘नाइन्टीन एटी-फोर’च्या पहिल्या भागात विन्स्टन स्मिथ कामगार वस्तीतील एका पबमध्ये शिरतो. तेथे एक वृद्ध पाइंटभर बिअर मागतो आहे आणि तरुण बारमनला पाइंट हे मापच ठाऊक नाही. त्याच्याकडे लिटर आणि अर्धा लिटर एवढेच आहे. अर्ध्या लिटरने वृद्धाचे समाधान होत नाही आणि पूर्ण लिटर त्याच्या मूत्राशयाला सोसत नाही. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीलिटरचा. फरक अवघा ६८ मिलीलिटरचा आहे, आणि कादंबरीतला सारा हरवलेला इतिहास त्या फरकात साठलेला आहे. विन्स्टन मात्र त्या वृद्धाला क्रांतीपूर्वीचे जीवन अधिक चांगले होते की वाईट, असा सर्वसाधारण प्रश्न विचारतो. वृद्ध उत्तरादाखल बिअरची चव, तिचा भाव, टोपी असे सुटे तपशील देत राहतो, आणि याला काहीच आठवत नाही असा निष्कर्ष काढून विन्स्टन निराश होतो. समीक्षकांनीही बहुधा विन्स्टनचेच मत उचलले आहे. वास्तविक वृद्धाला अचूक आठवते. त्याची स्मृती शरीराच्या मापात आहे, विन्स्टनला ती आकडेवारीच्या मापात हवी आहे. शेर-पायलीचा हिशेब जाऊन दशमान पद्धत आलेली ज्या पिढीने पाहिली, आणि जिच्या बोलीत ‘पावशेर’ हा शब्द दारूच्या संदर्भात मागे उरला, तिला हा प्रसंग समजावून सांगावा लागू नये.

बिअर ही कादंबरीत कामगारांचे पेय आहे. पक्षाच्या सदस्यांसाठी ‘व्हिक्टरी जिन’. मंत्रालयाच्या उपाहारगृहात ही जिन मिळते तेव्हा ती बिनकानाच्या चिनी मातीच्या मगांतून दिली जाते. १९४६ च्या निबंधात ज्याची सर्वाधिक ओढ होती ती चिनी माती आणि ज्याचा सर्वाधिक तिटकारा होता तो कानाचा अभाव, हे दोन्ही येथे एकाच भांड्यात आले आहेत. हा योगायोग मानणे अवघड आहे. अपारदर्शक भांड्याला विश्वासाचा आधार लागतो हे वर पाहिले. मंत्रालयात विश्वास नाही, आणि आत काय आहे हे पाहण्याची सोयही नाही; शिवाय ते तेलकट, उग्र पेय एका घोटात गिळायचे असल्याने कानाचे प्रयोजन उरत नाही. निबंधाच्या मांडणीतील जो दुबळेपणा वर दाखविला तो कादंबरीकाराला दिसला होता, असे या मगावरून म्हणता येते.

पेय देण्याचे आणखी दोन प्रसंग यासोबत वाचले पाहिजेत. ओब्रायन आपल्या घरी सुरईतून स्वहस्ते वाइन ओततो. विन्स्टनने वाइनविषयी केवळ वाचलेले असते. ती जांभळट फळांच्या मुरंब्यासारखी गोड असेल अशी त्याची कल्पना, आणि पहिल्या घोटाला त्याची निराशा होते. ओतण्याची रीत निर्दोष आहे, आतिथ्य दिलदार आहे, आणि देणारा पुढे त्याचाच छळ करणारा निघतो. बिअर कशी द्यावी याचे वर्णन करताना १९४६ चे ऑर्वेल देणाऱ्याच्या हेतूची शंका घेत नाहीत. येथे रीत आणि हेतू यांची फारकत झाली आहे. तळीरामाच्या पेल्याशी काही नाते जोडायचेच असेल तर ते या प्रसंगाचे जोडावे.

दुसरा प्रसंग ‘चेस्टनट ट्री कॅफे’तला, शेवटच्या प्रकरणातील. मोडून टाकलेला विन्स्टन तेथे रोज येतो. त्याचे मेज ठरलेले आहे, वेटरांना त्याच्या सवयी ठाऊक आहेत, बुद्धिबळाचा पट त्याच्यासाठी मांडून ठेवलेला असतो. ‘मून अंडर वॉटर’मधले नेहमीचे गिऱ्हाईकही रोज आपल्याच खुर्चीवर बसत असे आणि तेथेही देणाऱ्यांना त्याची ओळख असे. दोन्ही वर्णने शेजारी ठेवली तर तपशील जवळजवळ तेच निघतात. फरक एवढाच की कॅफेत मागावे लागत नाही. पेला रिकामा होताच वेटर न बोलावता येतो, जिन ओततो, दुसऱ्या बाटलीतून लवंगेच्या स्वादाच्या सॅकरिनचे काही थेंब तीत झटकतो. बिलाचा कळकट कागद अधूनमधून पुढे येतो, आणि आपल्याकडून नेहमी कमीच पैसे घेतले जातात असा विन्स्टनचा समज आहे. कॅफेत रेडिओऐवजी टेलिस्क्रीन चालू आहे. विन्स्टनला ‘डिअर’ म्हणणारे कोणी नाही.

निबंधाच्या शेवटी ऑर्वेल यांनी वाचकांना विनंती केली होती की पिंपातला स्टाउट, शेगडी, स्वस्त जेवण, बाग, मायाळू बारमेड असलेला आणि रेडिओ नसलेला पब कोणाच्या माहितीत असेल तर कळवावे. त्याचे नाव ‘रेड लायन’ किंवा ‘रेल्वे आर्म्स’ इतके साधे असले तरी चालेल. पुढे १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये पारंपरिक एलच्या रक्षणासाठी ग्राहकांची ‘कॅमरा’ ही चळवळ सुरू झाली, आणि तिने ऑर्वेल यांनी वगळलेल्या तळघराकडेच प्रथम लक्ष वेधले : पिंपातले किण्वन, नळ्यांची स्वच्छता, भरलेले माप. १९७९ मध्ये सुरू झालेल्या वेदरस्पून या पब-साखळीने आपल्या अनेक पबना ‘मून अंडर वॉटर’ हे नाव दिले. त्यांपैकी मँचेस्टर येथील, १९९५ साली उघडलेला पब त्याच्या विस्तारामुळे गाजला. ऑर्वेल यांच्या विनंतीत नावाची अट नव्हती. चिनी मातीच्या गुलाबी मगाचा उल्लेखही त्या शेवटच्या यादीत नाही. तो त्यांनी तोवर सोडून दिला होता.